उघड्या फाटकाचे चौक

बारा चाळीसला मी डबा घेऊन कचेरीतून खाली उतरते. समोर युस्टन रोड. बसगाड्या, काळ्या टॅक्सी, चाकांच्या बॅगा ओढत स्टेशनकडे पळणारी माणसं. सिग्नल हिरवा होईपर्यंत थांबायचं, पलीकडे जायचं आणि दक्षिणेला चार-पाच मिनिटं चालायचं. मग उजव्या हाताला लोखंडी कठडा लागतो, त्यातलं लहानसं फाटक ढकललं की मी टॅव्हिस्टॉक स्क्वेअरमध्ये असते. रस्त्याचा आवाज तिथेही येतोच, पण झुडपांच्या रांगेतून गाळून आल्यासारखा येतो. शेजारच्या घरात कुणीतरी रेडिओ हळू लावून ठेवावा तसा.

लंडनमध्ये येऊन मला एकोणीस वर्षं झाली. पहिल्या वर्षीच्या हिवाळ्यात मी रोज टेबलावरच जेवत असे, संगणकाच्या पडद्यासमोर. बाहेर गेलं तर कुठे बसायचं हेच कळत नव्हतं. कॅफेत शिरायचं तर काहीतरी विकत घ्यायला हवं, कॉफी संपली की उठायला हवं. घरभाडं आणि रेल्वेचा पास यांतून उरलेल्या पैशांत ती कॉफी मला जड वाटायची. वाईत वाढलेल्या मुलीला बसण्यासाठी पैसे मोजावे लागतात ही कल्पनाच नवी होती. आमच्याकडे संध्याकाळी कृष्णेच्या घाटावर जाऊन बसायचं. पायरी कुणाची, असं कुणी विचारत नाही. गणपतीचं दर्शन घेऊन आलेला माणूस बसतो, बाजाराची पिशवी शेजारी ठेवून बाई बसते, शाळा सुटलेली पोरं बसतात. मार्चमध्ये एका दुपारी ऊन पडलं म्हणून मी कचेरीतून नुसतीच चालत निघाले, हे फाटक उघडं दिसलं आणि आत गेले. त्या दिवशी मी पोळीभाजी बाकावर बसून खाल्ली. कुणी काही विचारलं नाही. या शहरात राहायला जमेल, असं मला पहिल्यांदा वाटलं ते त्या बाकावर.

स्क्वेअरला मराठीत काय म्हणावं यावर मी पुष्कळ विचार केला आहे. चौक म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर पुण्याचा अप्पा बळवंत चौक येतो. चार रस्ते एकत्र येतात, दुचाकी चारी बाजूंनी घुसतात, मध्ये उभं राहायलाही जागा नसते. पण आपल्या भाषेत चौकाचा आणखी एक अर्थ आहे, वाड्यातला चौक. चारी बाजूंनी खोल्या, सोपे, खांब, आणि मध्ये आकाशाला उघडी ठेवलेली जागा. वाईजवळ मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा आहे. लहानपणी आम्ही तिथे जायचो, तेव्हा अंधाऱ्या खोल्यांमधून एकदम उजेडाच्या चौकात आलं की अंग सैल पडायचं. लंडनचे स्क्वेअर या दुसऱ्या अर्थाने चौक आहेत. चारी बाजूंना एकाला एक चिकटलेली उंच घरं, आणि मध्ये सगळ्यांच्या खिडक्यांना हिरवं दिसावं म्हणून राखलेला तुकडा.

वाड्याच्या चौकासारखेच तेही मुळात खाजगी होते, आणि ही गोष्ट मला फार उशिरा कळली. १६६० च्या दशकात साउदॅम्प्टनच्या अर्लने आपल्या जमिनीवर घरं बांधून मध्ये चौरस जागा सोडली. तोच आजचा ब्लूम्सबरी स्क्वेअर. पुढे ही सगळी जमीन बेडफर्डच्या ड्यूक घराण्याकडे आली आणि एकामागून एक चौक आखले गेले. बेडफर्ड, रसेल, टॅव्हिस्टॉक ही त्या घराण्याचीच आडनावं आणि किताब. रसेल स्क्वेअरच्या दक्षिण टोकाला एका ड्यूकचा पुतळा आहे. त्याचा हात नांगरावर आहे आणि पायाशी मेंढ्या आहेत, कारण त्याला शेतीसुधारणेचा नाद होता. पण मधल्या बागा होत्या त्या सभोवतालच्या घरमालकांसाठी. ज्याचं घर त्याला किल्ली. एवढंच काय, या भागात येणाऱ्या काही रस्त्यांनाही फाटकं होती, त्यावर पहारेकरी असायचे आणि नको ती गाडी, नको तो माणूस परत पाठवला जायचा. रस्त्यांवरची ती फाटकं १८९० च्या दशकात कायदे करून काढून टाकावी लागली.

म्हणजे ज्या बाकावर मी रोज बसते, त्याच्या आसपास कधीकाळी माझ्यासारखीला फिरकू दिलं नसतं. हे कळल्यापासून त्या जागेबद्दलची माझी ओढ वाढली आहे. आयती मिळालेली वाटणारी गोष्ट कुणीतरी भांडून मिळवलेली आहे हे समजलं की ती जपावीशी वाटते.

भांडणाऱ्यांत ऑक्टेव्हिया हिल होती. गरिबांच्या घरांसाठी आयुष्य वेचलेली ही बाई १८७० च्या दशकात सांगत होती की एकेका खोलीत अख्खं कुटुंब राहतं, तेव्हा त्यांना बसायला उघड्यावर खोली हवी. मला हे वाचताना गिरगावातल्या माझ्या मावशीची चाळ आठवली. दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसं राहत होती, ती समोरच्या गॅलरीच्या जोरावर. १८८२ मध्ये सार्वजनिक बागांसाठी एक संस्था निघाली आणि जुनी कबरस्तानं, पडीक तुकडे, बंद चौक लोकांना उघडून देण्यासाठी ती मालकांच्या मागे लागली. लिंकन्स इन फील्ड्स हा लंडनमधला सर्वांत मोठा चौक. आजूबाजूला सगळी वकिलांची कचेरी-घरं. तो १८९५ मध्ये लंडन काउंटी कौन्सिलने लोकांसाठी खुला केला.

पण मालक जमीन विकूही शकत होते. आणि त्यांनी विकली. मी रोज जिथून रस्ता ओलांडते त्याच्या समोर फ्रेंड्स हाउस ही क्वेकर पंथाची मोठी इमारत आहे. ती जिथे उभी आहे तिथे १९२० च्या दशकापर्यंत बाग होती, एंड्सली गार्डन्स. थोडं उत्तरेला मॉर्निंग्टन क्रेसेंटला तर चंद्रकोरीच्या आकाराच्या बागेवर सिगारेटचा प्रचंड कारखाना बांधला गेला. इजिप्तच्या देवळासारखे रंगीत खांब आणि दाराशी दोन काळी मांजरं. इमारत देखणी आहे, आजही आहे. पण मागच्या घरांना समोरची हिरवळ जाऊन भिंत मिळाली. लोक खवळले. सरकारने आयोग नेमला, आणि १९३१ मध्ये लंडनच्या चौकांच्या रक्षणाचा कायदा झाला. त्याच्या यादीत ४६१ चौक आणि बागा आहेत. यादीतल्या जागेवर बाग आणि विसावा यांखेरीज काही करायचं नाही, बांधकाम करायचं नाही. घरांच्या मधोमध असलेली रिकामी जागा ही वाया गेलेली जागा नव्हे, हे एका देशाच्या संसदेने कायद्यात लिहून ठेवलं.

मग युद्ध आलं. रणगाडे आणि जहाजांसाठी लोखंड हवं म्हणून चौकांचे कठडे कापून नेले. कठडे गेल्यावर किल्लीचा प्रश्नच उरला नाही. कुणीही कुठल्याही बागेत जाऊन बसू लागलं. युद्ध संपत आलं तसे ते कठडे पुन्हा उभे राहू लागले, तेव्हा जॉर्ज ऑर्वेलने १९४४ मध्ये 'ट्रिब्यून' साप्ताहिकातल्या आपल्या स्तंभात त्याविरुद्ध लिहिलं. गरिबांच्या पोरांना पुन्हा बाहेर ठेवलं जाणार, हे त्याला सहन होत नव्हतं. या साऱ्यातून आज जे उरलंय ते संमिश्र आहे. रसेल, टॅव्हिस्टॉक, गॉर्डन, ब्लूम्सबरी, रेड लायन हे उघडे. त्यांच्या मधोमध असलेला बेडफर्ड स्क्वेअर, सगळ्यांत अखंड टिकलेला आणि सगळ्यांत देखणा, अजून कुलपात. कठड्याला नाक लावून आतली गोल बाग बघायची. १९९८ पासून दर जूनमध्ये एका शनिवार-रविवारी शहरातल्या अशा पुष्कळशा बंद बागा लोकांना उघडून देतात. त्या दिवशी मी न चुकता जाते.

किल्लीवरून आठवलं. माझ्या बाकावर गुरुवारी एक वृद्ध बाई येते. पंच्याऐंशीच्या पुढची असावी. हातात पुस्तक, डोक्यावर लोकरीची टोपी, उन्हाळ्यातही. सुरुवातीची दोन वर्षं आम्ही एकमेकींकडे बघून मान हलवायचो, बस. इथे ती रीत आहे. बाक एकच, पण मध्ये एका माणसाची जागा सोडायची, बोलायचं तर हवेबद्दल. एकदा माझ्या डब्यात थालीपीठ होतं. त्याचा वास तिला आवडला असावा, तिने हे काय आहे म्हणून विचारलं. मी तुकडा मोडून दिला. भाजणी म्हणजे काय हे समजावून सांगताना माझा जेवणाचा तास संपला.

पुढे कधीतरी बोलता बोलता तिने पर्समधून पितळेची जाड किल्ली काढून दाखवली. ती ज्या इमारतीत राहते तिच्यासमोर बंद चौक आहे आणि ही त्या बागेची किल्ली. एका गुरुवारी ती मला तिथे घेऊन गेली. फाटक उघडलं, आम्ही आत गेल्यावर तिने ते पुन्हा आतून लावून घेतलं. तसा नियमच आहे म्हणाली. बाग फार सुंदर होती. गुलाब छाटलेले, वाळूचा रस्ता झाडून घेतलेला, बाकांना नवं तेलपाणी केलेलं. आत आम्ही दोघीच. पाऊण तासात तिसरं माणूस आलं नाही.

"रोज इथेच का नाही बसत तुम्ही?" मी विचारलं.

ती म्हणाली, "इथे मला कोण थालीपीठ देणार?"

पुढच्या गुरुवारी ती पुन्हा आमच्या बाकावर होती.

चौकातली ही विश्रांती नेमकी कशाने मिळते, हे मी बारकाईने बघत आले आहे. एक म्हणजे आकार. टॅव्हिस्टॉक किंवा गॉर्डन स्क्वेअर हे हाइड पार्कसारखे अफाट नाहीत. एका टोकाला बसून दुसऱ्या टोकाच्या माणसाचा चेहरा अंदाजाने ओळखता येतो. इतक्या जागेत माणूस हरवत नाही आणि अंगावरही येत नाही. दुसरं म्हणजे बाकांची मांडणी. बाक बहुतेक कडेने, झाडांना पाठ करून, मधल्या मोकळ्या जागेकडे तोंड करून असतात. समोर बघायला काहीतरी असतं, कुणाच्या डोळ्यांत बघावं लागत नाही. एकट्या बाईला हे किती सोयीचं आहे, ते एकट्या बाईलाच कळेल. पाठीमागे झाड आणि कठडा, पुढे उघडी नजर. तिसरं, गवतावर बसू देतात. हिरवळीवर बसू नये अशी पाटी बघत वाढलेल्या मला, बूट काढून गवतावर सरळ आडवी झालेली सुटाबुटातली माणसं पाहून पहिल्यांदा धक्का बसला होता. आता मे-जूनमध्ये मीही आडवी होते. पाठीला जमीन लागली की खांद्यात गोळा झालेलं सगळं उतरतं.

आणि झाडं. लंडनच्या चौकांमधलं मुख्य झाड म्हणजे लंडन प्लेन. पान हाताच्या पंजासारखं, पाच टोकांचं. मी ते पहिल्यांदा उचललं तेव्हा वाटलं, हे कुठेतरी पाहिलंय. काश्मीरच्या सहलीत पाहिलं होतं, चिनार! लंडन प्लेन हा चिनाराचा आणि त्याच्या अमेरिकेतल्या भाऊबंदाचा संकर. त्याची साल सतत तुकड्या-तुकड्यांनी गळून पडते आणि खाली पिवळट, हिरवट, राखी ठिपके उरतात. दगडी कोळशाच्या धुराच्या काळात सालीबरोबर काजळीही झटकून टाकत हे झाड जगलं. बर्कले स्क्वेअरमधली प्लेनची झाडं १७८९ ची आहेत. ज्या वर्षी पॅरिसमध्ये बास्तिय पडला, त्या वर्षी कुणीतरी इथे शांतपणे रोपं लावत होतं. लावणाऱ्याने सावली पाहिली नसेल. आज त्यांच्याखाली आसपासच्या कचेऱ्यांतली माणसं दुपारी सँडविच खातात.

टॅव्हिस्टॉक स्क्वेअरमध्ये मधोमध गांधीजी बसले आहेत. मांडी घातलेले, अंगावर पंचा, नजर खाली. फ्रेडा ब्रिलियंट या शिल्पकार बाईने केलेला हा पुतळा १९६८ मध्ये बसवला गेला, अनावरण पंतप्रधान हॅरॉल्ड विल्सन यांनी केलं. चौथऱ्यात खाली एक पोकळी ठेवली आहे, फुलं ठेवण्यासाठी. तिथे बहुतेक दिवस काही ना काही असतं. दोन ऑक्टोबरला हार आणि भजन, एरवी कुणीतरी ठेवलेली चार झेंडूची फुलं, विझलेली मेणबत्ती, एखादं सफरचंद. लंडनमध्ये घोड्यावर बसलेले, तलवार उपसलेले पुतळे पुष्कळ. जमिनीवर मांडी घालून बसलेला माणूस मला या एकाच चौकात दिसतो, आणि भोवती बसायला आलेल्यांमध्ये तो शोभतो.

त्याच्याजवळ एक चेरीचं झाड आहे, हिरोशिमात मेलेल्यांच्या स्मरणार्थ १९६७ मध्ये लावलेलं. थोडं पलीकडे एक खडबडीत मोठा दगड, युद्धात शस्त्र उचलायला सदसद्विवेकाने नकार देणाऱ्यांसाठी. तो १९९४ चा. व्हर्जिनिया वुल्फ याच चौकात १९२४ ते १९३९ राहिली. ते घर बॉम्बमध्ये गेलं, तिचा अर्धपुतळा बागेत आहे. आणि ७ जुलै २००५ रोजी सकाळी याच चौकाच्या रस्त्यावर ३० नंबरच्या बसमध्ये बॉम्बस्फोट झाला. तेरा निरपराध माणसं गेली. समोर डॉक्टरांच्या संघटनेची इमारत आहे. तिथले डॉक्टर धावत खाली आले आणि त्यांनी जखमींना सांभाळलं. मी त्यानंतर लंडनमध्ये आले. पहिल्या काही महिन्यांत तिथल्या स्मृतिफलकासमोरून जाताना माझे पाय अडखळायचे. इतकं झालेल्या जागी लोक जेवतात कसे, हसतात कसे?

आता मला वाटतं, त्या जागेवर याहून चांगलं दुसरं काय करता आलं असतं? दर जुलैला तिथे फुलं येतात. उरलेल्या दिवसांत मुलं गवतावर लोळतात, विद्यार्थी परीक्षेची टिपणं चाळतात, बांधकामावरची माणसं बूट सैल करून डोळे मिटतात. दुखावलेल्या जागेत माणसं परत येऊन निवांत बसू लागली, हाच माझ्या लेखी त्या चौकाचा सर्वांत मोठा गुण.

सगळ्याच चौकांत असा निवांतपणा नाही, हेही सांगायला हवं. पाहुणे आले की त्यांना ट्रफाल्गार स्क्वेअरला न्यावं लागतं. २००३ मध्ये तिथला उत्तरेकडचा रस्ता गाड्यांना बंद केला आणि नॅशनल गॅलरीच्या पायऱ्या थेट चौकात उतरू लागल्या, तेव्हापासून बरंच सुसह्य झालंय. दिवाळीचा सोहळाही तिथे होतो. पण ज्या चौकात सिंध जिंकणारा नेपियर आणि १८५७ मध्ये कानपूर-लखनौला लढलेला हॅव्हलॉक उंच चौथऱ्यांवरून खाली बघतायत, तिथे पाय पसरून बसावंसं मला वाटत नाही. तिथे मी उभ्याउभ्याच फिरते आणि परत येते.

आई गेल्यानंतर, तीन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात, बाबा दोन महिने माझ्याकडे आले होते. आम्ही हॅरोला राहतो. दिवसभर घर रिकामं, बाहेर एकसारख्या घरांची रांग, रस्त्यावर माणूस दिसत नाही. आठवड्याभरात बाबा बोलेनासे झाले. वाईत त्यांची संध्याकाळ घाटावर जाते, शाळेतले जुने सहकारी, कुणाची नातवंडं, नदीचं पाणी किती चढलं यावर चर्चा. मी त्यांना म्हटलं, "बाबा, उद्यापासून माझ्याबरोबर चला." सकाळी मेट्रोपॉलिटन लाइनने युस्टन स्क्वेअरपर्यंत यायचं, मी कचेरीत, ते चौकात. बारा चाळीसला भेटून दोघांनी डबा खायचा.

पहिल्या दिवशी मी चार वेळा खिडकीशी जाऊन उभी राहिले, जणू तिथून बाग दिसणार होती. दुपारी गेले तर बाबा गांधीजींसमोरच्या बाकावर, चपला काढून, मांडी घालून बसलेले. शेजारच्या तरुणाशी त्यांचं बोलणं चाललं होतं. तो इथिओपियाचा, गणिताचा विद्यार्थी. बाबांनी चाळीस वर्षं गणित शिकवलं. वहीच्या मागच्या पानावर भूमितीची आकृती काढलेली होती.

मग त्यांनी आपले आपण फिरायला सुरुवात केली. बाबासाहेब आंबेडकर ज्याच्या वाचनालयात बसून वाचायचे ते ब्रिटिश म्युझियम त्यांना आधी बघायचं होतं. तिथून परतताना रसेल स्क्वेअर. तिथल्या कारंज्याला हौद नाही, पाणी थेट फरशीतून उसळतं आणि उन्हाळ्यात पोरं त्यात भिजतात. बाबा तासभर तेच बघत बसायचे. कोपऱ्यावरची हिरवी लाकडी टपरी त्यांनीच मला नीट दाखवली. घोडागाडीवाल्यांना ऊनपावसात टेकायला आणि गरम जेवायला मिळावं म्हणून १८७५ पासून अशा टपऱ्या उभ्या केल्या गेल्या. सार्वजनिक रस्त्यावर उभ्या म्हणून घोडा आणि गाडीपेक्षा मोठ्या बांधायच्या नाहीत असा नियम. शहरभरात आता तेराच उरल्या आहेत. "राबणाऱ्या माणसाला बसायला जागा हवी, हे कुणाला तरी सुचलं बघ," बाबा म्हणाले. गॉर्डन स्क्वेअरमध्ये त्यांना रवींद्रनाथ भेटले आणि त्याच बागेत नूर इनायत खान. टिपू सुलतानच्या वंशातली ही मुलगी, शेजारच्याच रस्त्यावर राहायची, १९४३ मध्ये गुप्तपणे फ्रान्समध्ये उतरून बिनतारी यंत्रावर संदेश पाठवायची. पकडली गेली, १९४४ मध्ये डाखाउच्या छळछावणीत तिला मारलं. २०१२ मध्ये तिचा अर्धपुतळा इथे बसला. बाबा रोज त्या पुतळ्यापाशी थांबून नमस्कार करायचे. त्यांना मुलगी एकच, मी. त्यांच्या मनात काय यायचं ते मी विचारलं नाही.

एक दिवस मात्र ते दुपारी गप्प होते. बऱ्याच वेळाने म्हणाले, "अगं, आज मला उठवलं." काचेच्या इमारतींच्या मधल्या एका नव्या चौकात ते गेले होते. फरशी चकचकीत, कुंड्यांत झाडं, दगडी बाक. सकाळपासून चालून पाय दुखले म्हणून ते जरा आडवे झाले. दोन मिनिटांत गणवेशातला माणूस आला. आवाज चढवला नाही, पण इथे झोपता येणार नाही, म्हणाला. बाबा पंच्याहत्तर वर्षांचे. त्यांना इंग्रजी चांगलं येतं. त्यांनी विचारलं, हा चौक सार्वजनिक आहे ना? तो म्हणाला, नाही, कंपनीचा आहे.

ते ऐकून मला इतका संताप आला की मी डबा तसाच बंद केला. वाईट याचं वाटलं की मला हे माहीत होतं आणि मी त्यांना सावध केलं नव्हतं. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत लंडनमध्ये असे पुष्कळ चौक झाले आहेत, जे दिसतात सगळ्यांचे पण असतात मालकांचे. सेंट पॉल कॅथीड्रलशेजारचा पॅटर्नोस्टर स्क्वेअर तसाच. २०११ मध्ये शेअरबाजाराविरुद्ध आंदोलन करणारे तिथे जमणार होते, तेव्हा न्यायालयाचा मनाई हुकूम आला, आणि त्यांनी चर्चच्या पायऱ्यांपाशी तंबू ठोकले. किंग्ज क्रॉसचा ग्रॅनरी स्क्वेअरही खाजगी जमिनीवर आहे. २०१२ मध्ये उघडला, फरशीत कारंज्याच्या १,०८० धारा आहेत, आणि उन्हाच्या दिवशी तिथे नाचणारी पोरं बघून मन भरून येतं. मी जाते तिथे. पण बसले की एक डोळा गणवेशाकडे असतो, आणि एक डोळा उघडा ठेवून माणसाला विसावा मिळत नाही. बसण्याच्या जागांचा आकारही हल्ली असा करतात की आडवं होता येऊ नये. मध्ये लोखंडी हात, नाहीतर उतरता दगड. ज्याला घर नाही त्याने तिथे निजू नये म्हणून ही सगळी खटपट. त्यात थकलेला म्हातारा, गरोदर बाई, रात्रपाळी करून आलेला मजूर, सगळेच उठवले जातात.

आणि जुन्या चौकांचंही कायमचं असं काही नाही. युस्टन स्टेशनसमोरच्या बागेतली जुनी प्लेनची झाडं नव्या वेगवान रेल्वेच्या कामासाठी गेली. मी रोज ती बघत रस्ता ओलांडायचे. १९३१ च्या यादीतल्या एकेका नावावर कुणीतरी लक्ष ठेवून बसलं पाहिजे. म्हणून आता कौन्सिलच्या नोटिसा कठड्याला बांधलेल्या दिसल्या की मी थांबून वाचते, हरकत घ्यायची असेल तर घेते. पूर्वी वाटायचं, हे आपलं शहर थोडंच आहे. ज्या बाकावर आपण एकोणीस वर्षं जेवलो तो आपला नाही तर कुणाचा?

बाबा परत गेले त्याच्या आदल्या दिवशी आम्ही टॅव्हिस्टॉकमध्येच जेवलो. गुरुवार होता. टोपीवाली बाई आली, तिने बाबांसाठी घरी केलेला संत्र्याचा मार्मलेड आणला होता. बाबांनी तिला कंदी पेढ्यांचा डबा दिला. दोघं अर्धा तास शेजारी बसले, मध्ये एका माणसाची जागा न सोडता.

आता बाबा फोन करतात ते माझ्या जेवणाच्या वेळी. इथे बारा चाळीस म्हणजे उन्हाळ्यात वाईत पाच वाजून दहा मिनिटं. ते घाटावर पोचलेले असतात, मागे देवळाची घंटा आणि पोरांचा गलका ऐकू येतो. तब्येत, औषधं, पाऊस हे सगळं नंतर. पहिला प्रश्न ठरलेला.

"बाकावर आज कोण आहे गं?"

मी मान वळवून बघते आणि सांगते. कडेला दोन विद्यार्थी आहेत, एकाच्या मांडीवर दुसऱ्याचं डोकं. एक टपालवाला बूट काढून बसलाय. प्लेनची साल पडतेय, बाकावरही पडलीय. गांधीजींच्या पायाशी आज पिवळी फुलं आहेत.

"आणि आपली बाई?"

"फाटकातून येतेच आहे, बाबा."